चिकटवहीतून सेवाकार्य : छंदाला परोपकाराची जोड

नाताळ सरला की घरोघरी भेटकार्डांचा ढीग साचतो. प्रथम कम्युनियनची स्मरणपत्रे, लग्नपत्रिका, दिवंगतांच्या वर्षश्राद्धाच्या मिस्साची छापील चित्रे, जुनी छायाचित्रे हे सारे कपाटाच्या तळाशी जाऊन पडते. कुणी हौशी व्यक्ती त्यातील निवडक वस्तू जपून वहीत चिकटवते, बाजूला दोन ओळी लिहिते आणि कुटुंबाचा एक छोटासा इतिहास तयार होतो. या छंदाला आपण चिकटवही किंवा स्क्रॅपबुक म्हणतो. हा वेळ घालविण्याचा घरगुती छंद गरजवंतांच्या उपयोगी कसा पडू शकेल, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

कागदाच्या तुकड्यातून सेवाकार्य उभे राहू शकते, याचे दाखले आपल्याजवळच आहेत. १९४९ साली चेकोस्लोव्हाकियातील जित्का साम्कोव्हा या सात वर्षांच्या मुलीने युद्धानंतर मिळालेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून एक चित्र काढले. युनिसेफचे पहिले भेटकार्ड त्याच चित्रावरून निघाले. आपल्या मुंबईत १९७९ साली रिपन कपूर व त्यांच्या सहा मित्रांनी अवघ्या ५० रुपयांनिशी ‘क्राय’ ही संस्था सुरू केली. तिच्या भेटकार्डांच्या विक्रीतून वंचित मुलांसाठी मोठा निधी उभा राहिला. युरोपातील मठांत आणि शाळांत वापरलेली टपाल तिकिटे गोळा करून, ती संग्राहकांना विकून, मिशनकार्याला पैसा पाठविण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली. नाशिककरांना तर टपाल तिकीट परके नाही. नाशिकरोडचे इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ साली सुरू झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या देशाची तिकिटे तेथे छापली गेली. मदर तेरेसा यांच्यावर १९८० साली निघालेल्या तिकिटासारखे एखादे तिकीट जुन्या लिफाफ्यावर सापडले, तर चिकटवहीचे एक सुंदर पान त्यावरून सुरू होऊ शकते.

या छंदातून मदत करण्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग विक्रीचा. धर्मग्रामातील महिला मंडळ किंवा युवक गट जुन्या साहित्यातून भेटकार्डे, वाचनखुणा व छोट्या वह्या तयार करतो. आगमनकाळातील रविवारच्या मिस्सानंतर, अथवा फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते त्या सुमारास, धर्मगुरूंच्या अनुमतीने त्यांची विक्री करता येते. येथे हिशेब मात्र चोख हवा. समजा, एका कार्डाला २० रुपयांचे साहित्य लागले आणि ते ४० रुपयांना विकले, तर १०० कार्डांमागे २,००० रुपये सेवाकार्यासाठी उरतात. तेच कार्ड महागडे स्टिकर व परदेशी कागद वापरून ३५ रुपयांना पडले, तर हाती केवळ ५०० रुपये येतात. शोभा वाढते आणि गरिबाचा वाटा घटतो. म्हणूनच साहित्य शक्यतो घरातील जुनेच असावे. विक्रीची रक्कम, खर्च आणि शिल्लक यांचा तक्ता सूचनाफलकावर लावावा व रक्कम संस्थेकडे सुपूर्द केल्यावर तिची पावती घ्यावी.

दुसरा मार्ग अधिक मोलाचा आहे, असे आम्हांस वाटते. यात वही विकायची नसते. वही हीच भेट असते. वृद्धाश्रमातील आजोबांना काल काय जेवलो ते आठवत नाही, परंतु ओझरच्या कारखान्यातील नोकरी, गोदाकाठचा बाजार, लग्नातील बँड हे सारे लख्ख आठवते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली असे मांडले की, उतारवयात गतायुष्याकडे वळून पाहणे हे भ्रमिष्टपणाचे लक्षण नसून मनाची स्वाभाविक गरज आहे. तेव्हापासून वृद्धांच्या सेवेत छायाचित्रे आणि जुन्या वस्तू यांच्या साहाय्याने आठवणी जागविण्याची पद्धत रूढ होत गेली. युगांडामध्ये १९९० च्या दशकात एचआयव्हीबाधित मातांनी आपल्या मुलांसाठी स्मरणवह्या लिहिल्या. आपले कूळ कोणते, आईवडील कसे भेटले, आपण लहानपणी कसे होतो, हे सांगणारे कुणी मागे उरले नाही तरी मुलाजवळ ती वही राहावी, हा त्यामागील हेतू होता. बालगृहात वाढणाऱ्या मुलाच्या बाबतीतही हेच खरे आहे. त्याच्यापाशी बहुधा स्वतःचे एकही बालपणीचे छायाचित्र नसते. पहिला वाढदिवस, शाळेतील पहिले चित्र, आवडत्या ताईची चिठ्ठी हे सारे एका वहीत जपले गेले, तर त्याला आपला भूतकाळ हाती धरता येतो.

परंतु याच ठिकाणी सावधगिरीची गरज आहे. ही वही ज्याची कहाणी आहे, त्याच्याच मालकीची असते. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. तसे केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तेव्हा मुलाची वही प्रदर्शनात मांडू नये, तिच्या पानांची छायाचित्रे मोबाईलवरून पाठवू नयेत. संस्थाप्रमुखांची लेखी परवानगी घ्यावी. मूल ज्या आठवणीला हात लावू इच्छित नाही, ती वगळावी. वृद्धांनाही आधी विचारावे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशूने गुप्त दानाविषयी दिलेली शिकवण येथे नेमकी लागू पडते. घेणाऱ्याचा चेहरा दाखवून देणाऱ्याचे कौतुक होत असेल, तर ते दान उणे ठरते.

वही टिकावी यासाठी काही साध्या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. स्वस्त कागदात आम्ल व लाकडातील लिग्निन असते, त्यामुळे तो काही वर्षांतच पिवळा आणि ठिसूळ होतो. वर्तमानपत्राचे कात्रण याचे रोजचे उदाहरण आहे. चिंध्यांपासून बनविलेला हातकागद अधिक टिकतो. आपल्या मराठवाड्यात खुलताबादजवळील कागजीपुरा गावाने ही कला शतकानुशतके जोपासली आहे आणि पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून उभी आहे. पारदर्शक चिकटपट्टी टाळावी, कारण तिचा डाग कागदात उतरतो. पिठाची खळ स्वस्त असली तरी पावसाळ्यात तिला बुरशी धरते आणि कसर लागते. मूळ छायाचित्र चिकटविण्याऐवजी त्याची प्रत काढून लावावी. मूळ प्रतीच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव व साल लिहावे आणि ती पाकिटात ठेवावी.

आरंभ लहानसा असू द्यावा. धर्मग्रामातील चार-पाच जणांनी एका संस्थेची निवड करावी आणि तेथील धर्मभगिनींना वा व्यवस्थापकांना प्रथम विचारावे, “आपणांस नेमके काय हवे आहे?” कदाचित त्यांना वह्यांपेक्षा औषधांचा खर्च अधिक निकडीचा असेल. तसे असल्यास विक्रीचा मार्ग धरावा. कदाचित त्यांना आपला वेळ हवा असेल. तसे असल्यास महिन्यातून एक शनिवार कात्री, गोंद आणि ऐकण्याची तयारी घेऊन जावे. एखाद्या आजींच्या वहीचे एक पान पूर्ण व्हायला दुपार लागेल. त्या दुपारी त्यांचे बोलणे कुणीतरी मनापासून ऐकलेले असेल आणि ती सेवा कोणत्याही देणगीपेक्षा कमी नाही.