मदत किती लांब?

१ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, तेव्हा जव्हार-मोखाड्यासाठी सरकार जवळ आल्याचा गाजावाजा झाला. जवळ म्हणजे जव्हारहून पाऊणशे किलोमीटर, मोखाड्याहून आणखी वीस-पंचवीस. त्यानंतरच्या आठ वर्षांकडे मागे वळून पाहिलं की एक गोष्ट ठळक दिसते: इथल्या भीतीचा धागा गुन्ह्यांच्या संख्येपेक्षा या अंतराशी जुळतो. पडझड झालेली वस्ती पाहून माणूस धास्तावतो, असं जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी १९८२ साली मांडलं; फुटकी खिडकी तशीच राहिली की बाकीच्याही फुटतात, हा त्यांचा दाखला. अमेरिकेतल्या शहरांपुरतं ते असेलही. कारवीच्या कुडाच्या, शेणामातीनं लिंपलेल्या घराला फुटायला खिडकी कुठली? आणि चोरानं न्यावं असं आत असतं काय? पोरं. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणानं शंभरावर मुलं गेली. २०१६ मध्ये मोखाड्यातले बालमृत्यू पुन्हा बातमीत आले. जिथे मूल खरोखर हातचं जातं, तिथे ‘पोरं पळवणारी टोळी’ ही अफवा रुजायला फार खतपाणी लागत नाही, असं मला वाटतं.

हा सगळा मोबाइलचा आणि अडाणीपणाचा दोष, असं म्हणणारे बरेच आहेत. मोबाइलनं अफवा पोचवली, हे खरंच. पण १ जुलै २०१८ चा एकच दिवस घ्या. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना पोरं पळवणारे समजून ठेचून मारलं. त्याच दिवशी मालेगावात त्याच संशयावरून जमाव एका कुटुंबावर धावून गेला. तिथे पोलिसांनी त्यांना वाचवलं. अफवा तीच, संतापही तोच. फरक पडला तो पोलीस वेळेत पोचण्याचा. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली कर्ती माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात; मागे म्हातारीकोतारी आणि लहान पोरं राहतात. अशा पाड्यावर रात्री अनोळखी गाडीचा दिवा दिसला, तर विचारायचं कुणाला?

यावर खरा अडचणीचा प्रश्न गडचिंचल्याचा. १६ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीत, शेजारच्या डहाणू तालुक्यात अशाच अफवेतून दोन साधू आणि त्यांचा चालक जमावानं मारले, तेव्हा पोलीस तिथे हजर होते. (पुढे त्यावर धर्माचा रंग चढवला गेला आणि मूळ प्रश्न बाजूला पडला.) मग अंतराचा मुद्दा टिकतो का? माझ्या मते टिकतो, पण थोडा बदलून. शेकडोंच्या जमावापुढे मूठभर पोलीस होते. शिवाय जो शिपाई एरवी दिसत नाही, तो आणीबाणीच्या रात्री अचानक आला म्हणून त्याचा शब्द कोण मानणार? यातून भीतीचा उगम कळतो; हत्येला सबब मिळत नाही. राईनपाड्यानंतर सोळाच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानं झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमायला सांगितलं होतं. पण जिल्ह्यात अधिकारी नेमला म्हणून पाड्यापर्यंतची वाट तयार होत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाड्यातल्या मर्कटवाडीच्या एका बाळंतिणीला रस्त्याअभावी डोलीतून न्यावं लागलं. तिची जुळी बाळं दगावली. रुग्णवाहिका जिथे पोचली नाही, तिथे पोलिसांची जीप तरी कुठून पोचणार होती?