मत्स्यपेटीत खडी किती घालावी?

शिरूर घोड नदीकाठी, तर दौंड भीमेकाठी. या भागातल्या शाळेत मत्स्यपेटी ठेवायची ठरली, तर खडी विकत आणायला नको. नदीची वाळू चाळल्यावर चाळणीवर उरणारी बारीक खडी आपल्याला चालते. प्रश्न आहे तो ‘किती?’ हा.

खडी केवळ शोभेची नसते. माशांच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो. तो साचला तर मासे मरतात. काही जिवाणू ऑक्सिजन वापरून अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे त्यामानाने निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. हे जिवाणू पृष्ठभागाला चिकटून राहतात. खडी त्यांना किती जागा देते?

पेटीचा तळ ६० × ३० सें.मी. आणि थर ५ सें.मी. धरू. थराचे घनफळ ९ लिटर. लिटरभर खडीचे वजन सुमारे दीड किलो, म्हणून साडेतेरा किलो खडी लागेल. तिच्यात सुमारे ४० टक्के पोकळी असते. (भांडेभर खडीत मापून पाणी ओतले, की मुलांना हे पडताळता येईल.) उरलेले ५४०० घ.सें.मी. दगड. खडे अर्धा सें.मी. व्यासाचे गोल मानल्यास पृष्ठफळ = ६ × घनफळ ÷ व्यास, म्हणजे ६४,८०० चौ.सें.मी. पेटीची उंची ३० सें.मी. असेल, तर आतली सगळी काच भरते फक्त ७२०० चौ.सें.मी. म्हणजे नऊपट जागा खडीने दिली!

मग १५ सें.मी. थर का नको? जाड थराच्या तळाशी पाणी खेळत नाही, ऑक्सिजन पोचत नाही. तिथे अडकलेले खाद्य व विष्ठा कुजून सडक्या अंड्यांच्या वासाचा, विषारी हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ शकतो. बारीक वाळूचे पृष्ठफळ जास्त, पण ती दाबून बसते. म्हणून ३ ते ५ सें.मी. पुरे.

आपल्याकडच्या काळ्या मातीतले चुनखडीचे पांढरट खडे खडीत मिसळलेले असतात. त्यांनी पाण्याचा जडपणा वाढतो. लिंबाचा रस टाकल्यावर बुडबुडे आले, तर तो खडा काढून टाकावा.

खडी साबण न लावता, पाणी नितळ येईपर्यंत धुवावी. मात्र नवी खडी म्हणजे रिकामे घर. जिवाणूंची वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दोन-तीनच गप्पी मासे ठेवावेत. एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी निरोगी माशांची जुनी पेटी असेल, तर तिच्यातली मूठभर खडी आणून घालावी. वस्ती लवकर वाढेल. पुढेही खडी नळाच्या क्लोरिनयुक्त पाण्याने न धुता पेटीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावी. नाहीतर स्वच्छतेच्या नादात आपण जिवाणूच धुऊन टाकू.