टर्नटेबल घेण्याआधी सुईचा हिशेब करा

जुन्या तबकड्यांना पुन्हा गिऱ्हाईक आले आहे. मुंबईच्या चोर बाजारात रेकॉर्ड चाळणारे तरुण दिसतात आणि माळ्यावर पडलेल्या कव्वालीच्या तबकड्याही खाली उतरू लागल्या आहेत. मध्यम किमतीत कोणते टर्नटेबल घ्यावे, असे ओळखीचे लोक विचारतात. आम्ही सांगतो, आधी सुई पाहा. यंत्र बिघडले तर दुरुस्त होते, पण तबकडीची खाच एकदा घासली गेली की ती पुन्हा भरून येत नाही. कित्येक जुन्या कव्वाल्यांची दुसरी प्रत मिळणेही मुश्किल आहे.

सुटकेसच्या आकाराचे स्वस्त प्लेअर शक्यतो टाळावेत. त्यांपैकी बहुतेकांत सुईचा भार कमी-जास्त करण्याची सोयच नसते. चांगल्या टर्नटेबलच्या टोनआर्मला मागे फिरवता येणारे वजन असते. सुईचा भार कारखान्याने सांगितला असेल तितकाच ठेवावा. 'हलका भार म्हणजे तबकडीची काळजी' हा समज चुकीचा आहे. भार कमी पडला की सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त नुकसान करते.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे कोणत्या तबकड्या आहेत ते मोजा. एलपीच्या सुईचे गोल टोक साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येचे असते. लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीला ७५ मायक्रॉनच्या आसपासचे लागते. एकाच सुईवर दोन्ही वाजवू नयेत. रेगाचे प्लॅनर १ चांगले यंत्र आहे, पण ते ३३ आणि ४५ फेऱ्यांचेच. ऑडिओ-टेक्निकाचे एटी-एलपी १२० एक्स-यूएसबी ३३, ४५ आणि ७८ अशा तिन्ही वेगांवर फिरते. वडिलोपार्जित ७८ च्या तबकड्या असणाऱ्यांनी याचा विचार करावा.

या यंत्रासोबत एटी-व्हीएम ९५ ई हे कार्ट्रिज येते. त्याचा भार २ ग्रॅम. या मालिकेची सोय अशी की कार्ट्रिज तेच ठेवून फक्त सुई बदलता येते. ७८ साठीही वेगळी सुई मिळते. मात्र तिला ५ ग्रॅम भार लागतो. आपल्या टोनआर्मवर तो नीट बसतो की नाही, हे दुकानातच छोट्या वजनकाट्यावर तपासून घ्यावे.

जोडी जुळवणे म्हणजे काय? जड टोनआर्मला फार लवचिक कार्ट्रिज लावले तर दोघांचे मिळून होणारे कंपन ८ हर्ट्झच्या खाली जाते. मग वाकडी तबकडी किंवा माणसाच्या चालण्याचा हादराही सुई पकडते. ८ ते १२ हर्ट्झ हे माप चांगले. मध्यम वजनाचा टोनआर्म आणि मध्यम लवचिकतेचे मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज घेतले तर सहसा अडचण येत नाही. मूव्हिंग कॉइल प्रकारातले बहुतेक कार्ट्रिज अर्ध्या मिलिव्होल्टहूनही कमी देते, तर मूव्हिंग मॅग्नेट साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. कॉइलला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो आणि खर्च वाढतो. टर्नटेबलमध्येच फोनो प्रीॲम्प असेल आणि तुमच्या ॲम्प्लिफायरलाही फोनोची जागा असेल, तर दोन्ही एकदम वापरू नका. आवाज फाटतो.

आता धंद्याचा हिशेब. लंबगोल टोकाची सुई कंपनीच्या सांगण्याप्रमाणे सुमारे ३०० तास चालते. एक एलपी ४० मिनिटांची धरली तर ४५० एलपी होतात. रोज एक ऐकणाऱ्याची सुई सव्वा वर्षात संपते. मायक्रोलिनिअर टोकाची सुई महाग, पण ती सुमारे १००० तास जाते. दर तासाचा भाव काढला तर कित्येकदा महागच स्वस्त पडते. कापडाचा भाव आपण मीटरवर काढतो, तसा सुईचा भाव तासावर काढावा.

आणि बदली सुई मिळेल ना, हे आधी विचारा. शुअर कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणे बंद केले. त्यांच्या जुन्या कार्ट्रिजधारकांना तेव्हापासून इतरांनी बनवलेल्या सुया शोधाव्या लागतात. जुने टर्नटेबल स्वस्तात मिळत असेल तर त्याची सुई आजही मिळते का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्या दुकानदार बंधूंनाही आमची विनंती आहे. गिऱ्हाइकाला ऐकवण्यासाठी झिजलेली सुई लावू नका. त्यात तुमचाच माल खराब होतो.