अडीच टनी लष्करी ट्रक, घरच्या आवारात

एम-३५ हा अमेरिकी सैन्याचा अडीच टनी ट्रक. मिशिगन राज्यातल्या लान्सिंगच्या रिओ कंपनीने त्याचा आराखडा केला आणि १९५० च्या सुमारास तो सैन्यात आला. अडीच टन हा भार खडबडीत जमिनीवरचा. पक्क्या रस्त्यावर तो पाच टन वाहतो. एकूण चाके दहा, आणि तिन्ही एक्सलना इंजिनाची ताकद पोचते. व्हिएतनाममध्ये सैनिकांनी पोलादी पत्रे आणि वाळूची पोती लावून याच ट्रकांवर बंदुकांचे मोर्चे उभारले होते. पुढे सैन्याने जुने ट्रक लिलावात काढले, तेव्हा शेतकऱ्यांनी, अग्निशमन दलांनी आणि हौशी लोकांनी ते घेतले.

या ट्रकचे काम घरी होऊ शकते, कारण त्यात इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नाहीच. चेसिस शिडीसारखी, जोडणी रिव्हेट आणि बोल्टची. सैन्याची टीएम ९-२३२०-३६१ ही पुस्तिकामालिका कोणालाही मिळू शकते. नव्या सैनिकाला समजावी म्हणून ती चित्रांसह पायरीपायरीने लिहिली आहे. अडचण आहे ती वजनाची. रिकामा ट्रकच सुमारे सहा टन भरतो. त्यामुळे काँक्रीटची जमीन आणि तो भार पेलणारे जॅक व घोडे असल्याशिवाय त्याखाली जाऊ नये.

इंजिन चालू करण्याची घाई सगळ्यांनाच असते, पण पहिला मान ब्रेकचा. पेडल दाबल्यावर मास्टर सिलिंडरमधून तेल निघते आणि हवेच्या दाबावर चालणारा एअर पॅक त्या तेलाचा जोर वाढवतो. मूळ रचनेत सहाही ड्रमना जाणारी तेलाची वाट एकच आहे. कुठेही एक नळी फुटली, एखाद्या चाकातला सिलिंडर गळला, की सगळे ब्रेक एकदम जातात. म्हणून सर्व रबरी नळ्या आणि गंजलेल्या धातूच्या नळ्या बदलणे, आणि जमल्यास दोन स्वतंत्र वाटांचा मास्टर सिलिंडर बसवणे, हा या ट्रकमधला सर्वांत मोलाचा बदल आहे. तेलाबाबतही सावध राहावे लागते. सैन्य सिलिकॉनचे डॉट-५ तेल वापरते. ते पाणी शोषत नाही, पण साध्या तेलात मिसळताही येत नाही. आत कोणते तेल आहे याची खात्री नसेल, तर पूर्ण व्यवस्था धुऊन एकाच प्रकारचे भरावे. हबमधली ऑइल सील गेली असेल, तर गिअर ऑइल ब्रेक शूवर उतरते. ड्रम उघडलेच आहेत तर बेअरिंग धुऊन, ग्रीस भरून, नव्या सील घालाव्यात.

चाके स्वतंत्र सावधगिरी मागतात. टायर रिमवर धरून ठेवते ती लॉक रिंग. हवेच्या दाबाखाली ती सुटली तर माणूस मरू शकतो. खोलण्याआधी व्हॉल्व्हचा कोर काढून संपूर्ण हवा सोडतात, आणि भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून लांबूनच हवा भरतात.

एम-३५ए२ या आवृत्तीत बहुधा एलडीटी-४६५ हे सहा सिलिंडरांचे, ७.८ लिटरचे इंजिन सापडते. ते डिझेलवर चालते, तसेच रॉकेलवर आणि विमानाच्या इंधनावरही. पिस्टनच्या डोक्यातल्या गोल खळग्यात इंधन जाळण्याची ही पद्धत जर्मनीच्या मान कंपनीची. त्याच कंपनीच्या परवान्यावर आपल्याकडे जबलपूरला शक्तिमान ट्रक बनत. टर्बो लावला तो मुख्यतः धूर कमी करण्यासाठी. तरी अनेक मालक पंपाची सेटिंग वाढवून जास्त इंधन सोडतात. ताकद वाढते खरी, पण एक्झॉस्टचे तापमान दाखवणारा मीटर नसेल तर इंजिन जळू शकते. आधी मीटर, मग पंप.

वीज २४ व्होल्टची, बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून मिळणारी. रेडिओसाठी एकाच बॅटरीवरून बारा व्होल्ट घेतले तर दोन्ही असमान चार्ज होतात आणि लवकर खराब होतात; त्यासाठी कन्व्हर्टर बसवावा. प्रत्येक वायरला क्रमांकाची पट्टी असते, त्यामुळे जुनी वायरिंग लावणे वाटते तितके अवघड नाही. फार अडचण येते ती गंजलेल्या अर्थिंगमुळे.

त्यानंतर हौसेचे बदल. पॉवर स्टीअरिंग मुळात नसते, ते बसवले की शहरात ट्रक वळवणे सुसह्य होते. मागच्या जोडचाकांऐवजी रुंद एकेरी टायर लावले तर चिखलात चाल सुधारते. सैन्याने स्वतः एम-३५ए३ मध्ये तेच केले, शिवाय कॅटरपिलर इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरही दिले. काही जण मागचा एक एक्सल काढून, चेसिस आणि हौदा कापून चार चाकांचा ट्रक करतात. तो सहज वळतो, पण वाहण्याची ताकद घटते, प्रोपेलर शाफ्टची मापे बदलतात आणि कापलेली चेसिस परत पूर्ववत होत नाही. मूळ स्थितीतला, कमी गंजलेला ट्रक असा कापू नये. त्यासाठी मागचा भाग आधीच निकामी झालेला ट्रक शोधावा.

रंग अगदी शेवटी. सैन्याच्या जुन्या थरांत क्रोमियमची संयुगे असू शकतात, म्हणून कोरडे घासकाम टाळतात आणि योग्य मास्क वापरतात. डॅशबोर्डवरच्या धातूच्या पट्ट्या रंगाआधी उतरवून ठेवाव्यात; निर्माता, वर्ष आणि अनुक्रमांक यांची नोंद त्यांवरच असते, आणि गाडीची कागदपत्रे करताना तीच लागते.