यादीतली नावे आणि कामावरची माणसे

युनियनच्या वहीत नावे शंभर आणि सभेला माणसे वीस, हे आम्हांला नवे नाही. विकिपीडिया या लोकलिखित ज्ञानकोशातील वैद्यकीय लेख तपासणाऱ्या स्वयंसेवकांचेही तसेच. तेथे वर्गणी नाही, पदवीचा दाखला नाही. ज्याने त्याने आपले नाव यादीत घालावे. काढायला मात्र सहसा कोणी परत येत नाही! मग औषधाच्या मात्रेतील चूक कळविणारा वाचक ज्याला हाक मारतो, तो कदाचित वर्षभर तिकडे फिरकलेलाच नसतो. उपाय सोपा आहे. प्रत्येकाच्या दुरुस्तीची तारीख तेथे उघड असते. ती पाहून थांबलेल्यांची नावे वेगळी लिहावीत. त्यांचे काम लेखाच्या इतिहासात राहतेच. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने यादी पाहण्याचा हक्क सभासदाला दिला होता. येथे तो वाचकालाही आहे. चाळीसगावात आम्ही एकदा जुनी नावे सरसकट खोडली. एक म्हातारे सभासद वहीपाशी नुसते उभे राहिले. त्यांचे नाव आम्ही पुन्हा लिहिले, पण ‘माजी’च्या पानावर.