भिलाई, पोलाद आणि महिला नेतृत्व

भिलाई पोलाद कारखाना: १९५५ चा भारत-सोव्हिएत करार. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते. रेल्वेचे रूळ ही इथली ओळख. वेल्डिंगने जोडलेले २६० मीटर लांबीचे रूळही इथलेच.

कारखाना ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीचा. ‘सेल’ची स्थापना १९७३ ची, पण अध्यक्षपदी पहिली महिला आली १ जानेवारी २०२१ रोजी: सोमा मंडल. विद्युत अभियंता. १९८४ साली ‘नाल्को’ या सरकारी ॲल्युमिनियम कंपनीत प्रशिक्षणार्थी म्हणून सुरुवात, २०१७ मध्ये ‘सेल’च्या वाणिज्य संचालक. प्रशिक्षणार्थी ते अध्यक्ष, ३७ वर्षे.

त्याआधी मुंबईत, मार्च २०१४: निशी वासुदेव ‘हिंदुस्थान पेट्रोलियम’च्या प्रमुख. ‘नवरत्न’ दर्जाच्या सरकारी कंपनीच्या पहिल्या महिला प्रमुख त्याच.

कायदा: कंपनी कायदा २०१३, कलम १४९. शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीत किमान एक महिला संचालक.

फरक ओळखा: महिला संचालक मालकाच्या घरातलीही चालते, स्वतंत्र संचालक चालत नाही. म्हणून शेअर बाजाराची नियामक ‘सेबी’ हिचा पुढचा नियम मोलाचा: १ एप्रिल २०२० पासून सर्वांत मोठ्या १,००० कंपन्यांत एक महिला स्वतंत्र संचालक हवीच.

खाणीत: भिलाईचे लोहखनिज दल्ली-राजहराचे. २०१९ पासून खुल्या खाणींत महिलांना रात्रपाळीची मुभा. लेखी संमती आवश्यक, पाळीत किमान तिघी.