काम सारखेच, मग बाईचा जीव लवकर का दमतो? जाणून घ्या

जिवती (वार्ताहर): पहाडावर कापूस वेचाई जोरात सुरू आहे. मागच्या हंगामात आमच्याच वावरात वेचायला आलेली एक बाई गाठोडे डोक्यावर घेऊन बंडीकडे येताना मटकन खाली बसली. "कामचुकार आहे, सकाळपासून बसूनच राहते," असे कोणीतरी बोलले. मीही गप्प राहिलो. दोन दिवसांनी तपासणी झाली, हिमोग्लोबिन ७ निघाले. तिच्या अंगात रक्तच नव्हते.

काम करताना स्नायूंना प्राणवायू लागतो. तो रक्तातले हिमोग्लोबिन पोचवते. गड्याचे हिमोग्लोबिन किमान १३ आणि बाईचे १२ असावे लागते. बाईचे हृदयही आकाराने लहान असते. म्हणून तेवढ्याच कामाला तिच्या हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. त्यात पाळीमुळे दर महिन्याला रक्तासोबत लोह जाते, बाळंतपणात आणखी जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायांमध्ये रक्त कमी आढळले.

दुसरी गोष्ट वजनाची. २० किलोचे गाठोडे ६० किलोच्या गड्याला त्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे, पण ४० किलोच्या बाईला अर्ध्या वजनाएवढे. हात-खांद्यांचे स्नायूही बाईचे कमी असतात. पायांत हा फरक तेवढा नसतो.

याचा अर्थ बाई कमजोर, असा नाही. आपापल्या ताकदीच्या मानाने सारखाच जोर लावला, तर बाईचे स्नायू सहसा उशिरा थकतात. एकदम जोर लावायच्या कामात गडी पुढे, पण दिवसभर वाकून निंदण, वेचाई करायची तर बाया मागे पडत नाहीत.

मग दमतात का? कारण गडी वावरातून आला की खाटेवर टेकतो. बाई पहाटे पाणी भरून, भाकरी थापून वावरात येते आणि रात्री पुन्हा चुलीपुढे बसते. थकलेले अंग विश्रांतीतच भरून येते, तीच तिला मिळत नाही. वावरात आडोसा नाही म्हणून बाया पाणीही कमी पितात. त्याने चक्कर येते, लघवीची जळजळ होते.

काय करावे?

• धाप लागणे, छाती धडधडणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, अशी लक्षणे असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासा. तपासणी मोफत होते.
• सिकलसेलचीही तपासणी करा. आपल्या भागात हा आजार आहे. सिकलसेल असेल तर लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.
• लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, तासाभराचे अंतर ठेवा. जेवणात लिंबू घ्या.
• गाठोडी लहान बांधा. बंडीपर्यंत गड्यांनी न्यावीत.
• गरोदर बाईला जड उचलायला लावू नका.
• वावरात चार काठ्या रोवून जुन्या लुगड्याचा आडोसा करा. मग बाया पोटभर पाणी पितील.

वावरात बाई बसली तर आधी पाणी द्या, सावलीत न्या. बोल लावायच्या आधी तपासणी करा. त्याला बोटातला एक थेंब रक्त पुरते.